अकरा नंबरची काच

१२ जानेवारी

ही डायरी नळदुर्गच्या हार्डवेअरवाल्यानं ह्यांना दिली हुती. ह्यांनी एक पानबी लिहिलं न्हाय, म्हनून म्या घेतली. नववीत शाळा सुटली, तवापास्नं आज पेन धरला. चुकलं तर कोन बघतंय.

परवा शटर बसवताना ह्ये शिडीवरनं पडले. उजवं मनगट मोडलं. दीड महिना पलस्तर. आमचं दुकान जळकोटला हायवेच्या कडंला, घराला लागूनच. गेट, खिडक्या, कठडे असलं काम. मिस्त्री ह्ये एकटेच. म्या पाइप धरायची, ग्राइंडर मारायची, रंग द्यायची. कवामवा वेल्डिंगचा टाका मारायची, तेबी डोळं गच्च झाकून, तोंड फिरवून.

अणदूरच्या बलभीम मामांचा माडीवरचा कठडा अर्धवट हुऊन पडलाय. सात फेब्रुवारीला त्येंची वास्तुशांत. मामा आज आले, पलस्तराकडं बघितलं आन म्हनले, दुसऱ्याला देतो मग. तवा ह्ये म्हनले, "थांबा मामा. ही करंल."

म्या च्या घिऊन दारात उभी. कप म्होरं ठिवले आन लगीच आत वळले.

ह्यांना वाटतंय मला कामाचं भ्या वाटतंय. भ्या येगळ्याच गोष्टीचं हाय. ती हितंबी लिहिनार न्हाय.

१४ जानेवारी, संक्रांत

बायका वाणाला आल्या. आत्या, म्हंजी माज्या सासूबाई, नीलम्मा नाव त्येंचं, दारात बसून एकेकीचं नाव वरडत हुत्या. "उमाबाई येऊ लाल्यात गं. संगं त्येंची शुभांगी हाय. हिरवं लुगडं." बाई गल्लीच्या त्या टोकाला असती तवाच आत्यांचं सुरू. बस आली तरी तसंच. "ही तुळजापूरची हाय, आपली न्हाय, बस खाली." शेजारीण म्हनती, तुज्या सासूचा रेडू कवा बंद पडत न्हाय. म्या हसले. म्हातारपनी मानसाला बोलायची लत लागत आसंल.

अप्पी, माजी पोरगी अर्पिता, चार वर्साची हाय. टीव्हीला नाक लावून बसती. तीनदा मागं वढली, तीनदा म्होरं सरकली. मंग पाठीत धपाटा घातला. लई जोरात बसला. सणासुदीचं लेकरू रडलं. बाकी कायबी करू दे तिला, म्या हात उचलत न्हाय. तसं बसल्यालं दिसलं की माज्या आंगाची लाही हुती. तिळगूळ दिला तर घेतला न्हाय.

१७ जानेवारी

काल पहिला खांब धरला. ह्ये सोता तोंडाम्होरं धरायची काळ्या काचंची स्क्रीन कवा वापरत न्हाईत, काळा गॉगल लावत्यात आन डोळं बारीक करून वेल्डिंग मारत्यात. मलाबी तोच दिला. दोन तास केलं. तवा कायच वाटलं न्हाय. सांजच्याला डोळ्यात कुनी तिखट फुकल्यावानी झालं. पापनी उघडंना. पानी थांबंना.

आत्यांनी बटाट्याच्या चकत्या करून डोळ्यावर ठिवल्या. अप्पी म्हनली, आईच्या डोळ्याला भाजी केली. सगळे हसले, म्याबी हसले, आन आतून मला वाटलं आता हे डोळंबी गेलं.

सकाळी उतरलं. ह्ये म्हनले, चुकलं माजं, मला सवय हाय म्हनून चालतंय. (त्येंचं डोळं बाराही महिनं लाल. पेपर लांब धरून वाचत्यात.) म्हनले, नळदुर्गला जा, चांगली स्क्रीन आन. काळी काच अकरा नंबरची घे. अकराच घे.

१९ जानेवारी

नळदुर्गला गेले. दुकानदारानं तीन परकार दाखिवले. एक हातात धरायची स्क्रीन. एक डोक्यात घालायची टोपी, मान खाली झटकली की तोंडावर पडती. तिसरी बॅटरीची, तिची काच साधी असती आन ठिणगी पडली की आपोआप काळी हुती. ती घालून बघा म्हनला. म्या नको म्हनले, डोळ्याचं काय काय इचारंल म्हनून.

हातातली घेतली. काच निवडायला त्यानं एकेक काच माज्या डोळ्याम्होरं धरली आन दिव्याकडं बघाय सांगितलं. अकरा नंबरची धरली. माज्यासाठी ती आमुशा. दिवा हाय का न्हाय तेबी कळंना. म्हनले, याच्यापेक्षा हलकी द्या. धा दाखिवली. अजून हलकी. नऊ. अजून हलकी.

तो म्हनला, "ताई, आठनं डोळं दिपतील. मिस्त्रीला इचारलं का?"

म्हनले, मिस्त्रींनीच सांगितलंय.

खोटं. घरी येऊन ह्यांना अकराच आनली म्हनले. काचंच्या कोपऱ्यात नंबर लिहिलाय, त्येच्यावर टिकली चिकटवली. ह्यांनी इचारलं तर म्हनले, माजी म्हनून खूण.

एवढं खोटं लिहिलंच हाय तर तेबी लिहिते. मला चष्मा हाय. सहावीत लागला. लांबचं दिसत न्हाय. हातभर लांबचंबी धूसर. माजं माहेर माकणीचं. दोन पाव्हणे चष्मा बघून परत गेले, तवा बापू, माजे वडील, म्हनले, तिसऱ्यांच्या म्होरं चष्मा काढून जा. च्याचा ट्रे घिऊन भाईर आले तर सगळी मानसं धुक्यातली. सासरे समजून जीपच्या डायवरच्या पाया पडले. सगळे हसले. पोरगी लाजाळू हाय म्हनले. आत्यांनीच उठून माजा हात धरला आन सासऱ्यांच्या म्होरं नेऊन उभी केली. सासरे आता न्हाईत.

पाच वर्सं झाली. चष्मा माज्या ट्रंकेत साबनाच्या डबीत हाय. फसवून आले ह्या घरात. हे लिहिताना मान वर करायची हिंमत हुईना, घरात कुनी नसतानाबी.

२४ जानेवारी

तीन खांब झाले. चौथा कोपऱ्याचा. हलक्या काचंतनं उजेड लई घुसतो, पर दिसतंय थोडं. थोडं म्हंजी वाकलं तर. वाकून वाकून स्क्रीन पाइपाला टेकती. नाकाचं कातडं सोलून निघालं. ह्ये म्हनले, एवढी का वाकू लालीस, पाया पडतीस का त्येच्या? म्या म्हनले, पाठ दुखतीया, बसून करते.

खांबाच्या बुडाला लोखंडी पट्टी असती, ती बोल्टानं स्लॅबला बसती. खांब आन पट्टीचा सांधा चारी बाजूनं वेल्डिंगनं भरायचा. म्होरची बाजू झाली. मागच्या बाजूला तोंड शिरत न्हाय. हात लांब करून वेल्डिंगची काडी टेकवली आन अंदाजानं वढत गेले. उजेड दिसत हुता, सांधा न्हाय. वेल्डिंगवरची जळकी खपली काढली, बोट फिरवलं. बोटाला कळलं. भेग तशीच हुती.

परत करायला पायजे हुतं. केलं न्हाय. परत केलं तर परत तसंच झालं आसतं आन ह्यांनी इचारलं आसतं, दिसत न्हाय का तुला.

पुट्टी भरली. ग्राइंडर मारला. वरनं लाल ऑक्साईडचा रंग दिला. इतकं गुळगुळीत झालं की बाकीच्या तिनीपेक्षा तोच खांब चांगला दिसतोय.

ह्ये आले. डाव्या हाताचा अंगठा सांध्यावरनं फिरवला. म्हनले, "आतून धरलंय नव्हं?"

"व्हय."

म्हनले, हात बसला तुजा. आत्यांना सांगितलं, अप्पीची आई मिस्त्री झाली. आत्यांनी शिरा केला. म्या खाल्ला.

३१ जानेवारी

कठडा अणदूरला बसवला. बोल्ट मारायला मामांनी गवंडी दिला हुता. मामांची बायको, महानंदा मामी, म्हनल्या, बाईच्या हाताचं काम हाय, नाजूक झालंय. त्येंचा नातू युवराज तीन वर्साचा हाय. गवंड्यानं हात काढला न काढला तोवर पोरगं आडव्या पाइपावर पाय देऊन चढलं आन वरच्या पाइपाला लोंबकाळलं. नेमकं कोपऱ्याच्या खांबापाशी. खाली फरशी.

म्या पळत जाऊन त्येला वढला. पोरगं भ्यालं, रडाय लागलं. मामी म्हनल्या, आगं खेळू दे की, लोखंड हाय, कुठं जातंय.

येताना बसमधी मला उलटी झाली. ह्ये म्हनले, काय गोड बातमी हाय का? न्हाय म्हनले.

२ फेब्रुवारी

 अप्पीला उचलून घेतलं की युवराजचं वजन किती आसंल हेच डोक्यात येतंय. अप्पी तेरा किलो. तो धा-बारा आसंल.

आत्या दारातनं वरडल्या, "बलभीम येऊ लालेत, हातात पत्रिका हाय." मामा आमंत्रण द्यायला आले. म्हनले, सगळे पै-पाव्हणे माडीवर उभा करून फोटो काढनार हाय, कठड्याला टेकून. म्हनले, युवराजला तर तुमच्या कठड्यानं येड लावलंय, सकाळ हुतीया का न्हाय तवर घोडा घोडा करतो.

तोंडापतूर आलं हुतं. म्या म्हनले, "मामा..." ते म्हनले, काय गं? म्या म्हनले, च्यात साखर टाकू का?

माज्यासारखी आई कुना लेकराला मिळू ने.

४ फेब्रुवारी

ह्ये पलस्तर दाखवायला गेले हुते. म्या दुकानाचं शटर अर्धं वढून घेतलं आन ट्रंकेतली साबनाची डबी काढली. चष्म्याचा एक कान ढिला झालाय. पुसून नाकावर ठिवला.

सगळ्यात आधी भिंत दिसली. ह्यांनी खडूनं मापं लिहून ठिवलीत, लग्नाच्या आधीपास्नंची. पाच वर्सं म्या तीच मापं ह्यांना तोंडानं इचारून घ्यायची.

मंग त्या दिवशीचा एक तुकडा शोधला. खांब करायच्या आधी हात बसावा म्हनून त्येच्यावर वेल्डिंग मारलं हुतं. आता दिसलं. सांधा एकीकडं आन माजी रेघ त्येच्या शेजारनं गेल्याली, गोगलगाय गेल्यावानी. कुठंच धरलं नव्हतं. हातोडीच्या दुसऱ्या घावात दोन तुकडे झाले.

वर बघितलं तर शटरखालनं वाकून आत्या आत आलेल्या. तिकडून त्येंचा चेहरा मला दिसला. म्हाताऱ्या झाल्यात त्या. मला कळलंच नव्हतं.

चष्मा काढायचं सुचलं न्हाय. म्हनले, "आत्या, मला चष्मा हाय. लग्नाच्या आधीपास्नं."

"ठाव हाय."

म्या हातातली हातोडी खाली ठिवली.

"पाच वर्सं दारात बसून म्या कुनासाठी वरडत असते गं? मला का बसच्या पाट्या वाचायची हौस हाय?"

म्हनले, मंग बोलल्या का न्हाईत. त्या म्हनल्या, तू बोलशील म्हनून वाट बघितली. मंग तर जास्तच शरम वाटली. म्या त्येंना बडबडी म्हनले हुते. मागच्या पानावर लिहून ठिवलंय तसं.

मंग खांबाचं सांगितलं. पुट्टीचं, युवराजचं. त्येंचा चेहरा बदलला. म्हनल्या, "चष्म्याचं म्या झाकलं. हे न्हाय झाकनार."

ह्ये आले तवा त्येंनाबी सांगितलं. ह्ये स्टुलावर बसले. चष्म्याकडं बघितलंबी न्हाय. म्हनले, म्या इचारलं तवा? म्या म्हनले, खोटं बोलले. काच आठ नंबरची हाय, अकराची म्हनले तेबी खोटं.

 मंग ह्ये म्हनले, वास्तुशांत हुऊ दे, नंतर जाऊन गुपचूप करू, दुकानाचं नाव जाईल. आत्या म्हनल्या, "विरेश, त्या दिवशी माडीवर लेकरं नसत्यात व्हय रे?"

ह्ये खाली बघत म्हनले, "म्याबी अंगठाच फिरवला. बघितलं न्हाय." ते असं का म्हनले ते कळलं न्हाय. चूक माजी हुती.

५ फेब्रुवारी

नळदुर्गच्या दुकानदाराला चष्मा घालून भेटले. म्हनले, मागल्या येळंला खोटं बोलले, मला बिनचष्म्याचं दिसत नव्हतं म्हनून हलकी काच नेली. त्यो हसला न्हाय. म्हनला, "दिसायचं काम चष्म्याचं हाय ताई, काचंचं न्हाय."

बॅटरीची टोपी घेतली. ती साधी असताना सांधा दिसतो, काडी टेकली की काळी हुती. तिला बटन हाय, नऊपास्नं तेरापतूर. त्यानं अकरावर लावून दिलं.

पर ती घातली तर चष्म्याचे कान पट्ट्याखाली दबून टोचाय लागले. आंबाड्यामुळं मागचा खटका बसंना. टोपी तर गडीमानसांच्या डोक्याच्या मापाची. घरी आत्यांनी मला म्होरं बसवलं. आंबाडा सोडून खाली मानंपाशी वेणी बांधली. पट्ट्याच्या आतला फोम कानापाशी दोन्हीकडं कापला, तिथनं चष्म्याचे कान जातील एवढा. कपाळाला घाम पुसायला त्येंच्या जुन्या सुती लुगड्याची घडी शिवली. चष्म्याला मागनं नाडी बांधली, वाकल्यावर घसरू ने म्हनून. नाकातोंडाला रुमाल आवळून बांधला तर चष्म्यावर वाफ आली, मंग तो खाली हनवटीपाशी ढिला केला. सुई म्या ववून दिली, जवळचं मला बिनचष्म्याचंबी दिसतंय. त्या म्हनल्या, तेबी ठाव हाय.

एका तुकड्यावर रेघ मारली. काळ्या काचंतनं पयल्यांदा लोखंड पातळ हुताना बघितलं. सांध्याच्या दोन्ही कडा इतळून एकात एक शिरत्यात. एवढं साधं हुतं ते. एवढ्यासाठी लेकराचा जीव टांगला म्या.

६ फेब्रुवारी

अणदूरला मांडव पडला हुता. पै-पाव्हणे आल्याले, बायका पुरनाची डाळ निवडत बसलेल्या. ह्ये एका हातानं मशीन धरून, म्या टोपी धरून. चष्मा घालून मानसांत पयल्यांदा. सगळ्यांची तोंडं एकदम दिसली, तेच नको वाटलं.

ह्ये म्हनले, म्या सांगतो. म्या म्हनले, न्हाय.

मामांना म्हनले, "मामा, कोपऱ्याचा खांब धरल्याला न्हाय. मला ठाव हुतं. म्या पुट्टी भरून वरनं रंग दिला."

मामांना आधी समजलंच न्हाय. ह्ये वर गेले, खांबाच्या बुडाला पायानं हाणलं. तिसऱ्या लाथंला खांब सुटला. पुट्टीचा ढपला मांडववाल्याच्या पायाशी येऊन पडला.  महानंदा मामींनी युवराजला उचलून पोटाशी धरलं आन माज्याकडं बघितलं. चष्म्यातनं बघितलं म्या ते. धूसर दिसलं आसतं तर बरं झालं आसतं.

एक म्हातारी म्हनली, नाजूक काम म्हनं. दुसरी म्हनली, डोळं नसताना मिस्त्रीण व्हायची हौस. मामा म्हनले, "दुसरा मिस्त्री आता कुठनं आनू? कर. पर म्या हितं उभा ऱ्हानार."

म्या म्हनले, ऱ्हावा, पर तोंड फिरवून. आधी लेकरं खाली घालवा. मांडववाल्याचं मेनकापड मागून घेतलं आन चारी बाजूनं बांधलं, कुनाच्या डोळ्यात उजेड जाऊ ने म्हनून. पयल्या तिनी खांबांचीबी पुट्टी-रंग खरवडून सांधे बघितले. एकाला एक टाका कमी हुता, तोबी मारला. चौथा चारी बाजूनं भरला. दोनदा. मंग खपली काढून मामांना म्हनले, बघा. ते वाकून बघत ऱ्हायले. ह्ये दोन्ही पायांनी त्या पाइपावर उभे ऱ्हायले, हललं न्हाय.

उद्या जेवायला या म्हनून कुनी म्हनलं न्हाय. मामी जाताना एवढंच म्हनल्या, तुलाबी लेकरू हाय की गं.

व्हय. हाय.

९ फेब्रुवारी

मामांनी सकाळी कुनाच्या तरी हातानं पुरनपोळ्या पाठवल्या. आत्यांनी ठिऊन घेतल्या. म्या एकबी खाल्ली न्हाय.

दुपारच्याला दारात आमी तिघी. आत्या आज गप बसल्या. गल्लीच्या टोकाला कोनतरी दिसलं. आत्या माज्याकडं बघाय लागल्या. म्या म्हनले, "उमाबाई हाईत. डोक्यावर पाटी हाय, सरपनाची."

आत्या म्हनल्या, "बरोबर."

अप्पी माज्या मांडीवर हुती. तिनं मान म्होरं काढली, डोळं बारीक केले. म्हनली, "कुठंय उमाआजी?"

"ती काय. त्या खांबापाशी."

"कुठला खांब?"

आत्यांनी माज्याकडं बघितलं न्हाय. त्येंना हेबी ठाव हुतं. म्या माजा चष्मा काढून अप्पीच्या नाकावर धरला. तिच्यासाठी लई मोठा. तिनं दोन्ही हातानं तो धरला. मंग तोंड उघडं ठिऊन नुसती बघत ऱ्हायली, उमाबाई दारापतूर येईपतूर.

संक्रांतीला जिथं धपाटा घातला हुता तिथं पाठीवर हात फिरवला. तिला वाटलं खाज आली म्हनून म्या खाजवतीया. म्हनली, अजून वर.

उद्या तिला घिऊन डोळ्याच्या डॉक्टरकडं जाते. माजाबी नंबर काढते. ह्ये म्हनले, सोबतीला म्याबी येतो. म्होरं मोठी झाल्यावर कुनी पोरीसाठी इचारायला आलं की तिचा चष्मा नाकावर आसंल, ट्रंकेत न्हाय. आन इचारायला येनाऱ्याला गल्लीच्या टोकापास्नं वळखायचं काम तिचं.